परागकोषाचे थर लेझरने कापून आरएनए सिक्वेन्सिंग करून देणारी सर्व्हिस: माझा अनुभव

माझं काम भाताच्या परागकोषावर, त्यातल्या टॅपेटमवर, म्हणजे वाढत्या परागांना पोसणाऱ्या सगळ्यात आतल्या थरावर. आधी आम्ही अख्खे परागकोष वाटून आरएनए (चालू असलेल्या जीनच्या नकला) काढायचो, पण मग बाहेरची एपिडर्मिस, एंडोथेशियम, मधला थर, टॅपेटम आणि आतल्या परागमातृपेशी (ज्यांपासून पराग बनतात) सगळं एकत्रच येतं, टॅपेटम तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचा, त्यामुळे कुठला जीन नक्की कुठे चालू आहे ते कळायचंच नाही. म्हणून शेवटी थर वेगळे कापून देणाऱ्यांकडे सँपल दिले.

सगळ्यात आवडलं ते सँपल पाठवायच्या आधीचं बोलणं. त्यांच्या टेक्निशियनने विचारलं, स्टेज कशी ठरवता? मी म्हटलं, फुलाच्या लांबीवरून. तर म्हणाला, मॅडम नुसत्या लांबीवर जाऊ नका, भाताच्या फुलात सहा परागकोष असतात, एक अ‍ॅसिटोकार्मिनच्या रंगात दाबून मायक्रोस्कोपखाली बघा, पाच उरतातच की. बघितलं तर सारख्याच लांबीच्या दोन फुलांपैकी एकात मिऑसिस (पराग बनवणारं पेशीविभाजन) चालू होतं आणि दुसऱ्यात चार-चार पेशींचे टेट्राड होऊनही गेलेले! टॅपेटमचे जीन एकामागून एक चालू होतात, यूडीटी१, मग टीडीआर, मग टॅपेटमला मरायला लावणारा ईएटी१, अशी ती साखळी आहे, त्यात दोन स्टेज मिसळल्या असत्या तर काय वाचणार होते मी त्या डेटात. फॉर्मॅलिन वापरू नका, ३:१ इथेनॉल-अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड वापरा, नाहीतर आरएनए प्रोटीनला चिकटून बसतो आणि तुटतो, हेही त्यांनीच सांगितलं. पॅकिंग, डिलिव्हरी वगैरे ठीक.

आता तक्रार. परागमातृपेशींच्या तीन रेप्लिकेटपैकी (एकाच प्रकारच्या वेगवेगळ्या सँपलपैकी) एकात टीडीआर भरपूर दिसत होता. तो टॅपेटमचा जीन, इथे एवढा कसा? रिपोर्टवर मात्र 'क्वालिटी पास', कारण त्यांनी फक्त रीड्स (वाचलेले तुकडे) किती आणि आरएनएचा आरआयएन (तो किती शाबूत आहे याचा आकडा) बघितलेला. मी मागे लागून कापतानाचे फोटो मागवले तर एका सेक्शनमध्ये लेझरची रेघ सरळ टॅपेटममध्ये घुसलेली दिसतेय. त्यांनी लगेच मान्य केलं आणि परत कापून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण हे मी शोधायला नको होतं. परागमातृपेशीत मिऑसिसचा जीन डीएमसी१ आहे का, टीडीआर नाही ना, एवढं तपासायला किती वेळ लागतो?

अजून एक, एवढ्याशा आरएनएला अ‍ॅम्प्लिफाय (नकला करून वाढवणं) करावंच लागतं, त्यात कमी चालणारे जीन सुटतात, म्हणून शून्य दिसलं की जीन बंद असं धरू नका. मी महत्त्वाचे जीन इन सिटू करून बघितले, म्हणजे थेट कापलेल्या स्लाइडवर कुठल्या पेशीत जीन चालू आहे ते, डिगॉक्सिजेनिनची खूण लावलेला प्रोब वापरून. अँटीसेन्सच्या (जीनच्या आरएनएला चिकटणाऱ्या प्रोबच्या) स्लाइडवर टॅपेटमची जांभळी-निळी रिंग अगदी स्वच्छ आली आणि सेन्सची (न चिकटणाऱ्या, तुलनेसाठीच्या प्रोबची) स्लाइड कोरी, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पाचपैकी चार स्टार. पुढचा सेट यांच्याकडेच देणार आहे, फक्त कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो आधीच मागून ठेवा, मागितल्याशिवाय पाठवत नाहीत.