चिखलात एक्सपल्स, घाटात हिमालयन

कच्च्या रस्त्यांसाठीच्या बाईकमध्ये हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो की रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०? कागदावर लढत एकतर्फी वाटते. हिमालयनचं लिक्विड-कूल्ड ४५२ सीसी इंजिन ४० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) देतं, एक्सपल्सचं ऑइल-कूल्ड २०० सीसी इंजिन जेमतेम १९. पण पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या बैलगाडीच्या वाटेवर गाडी आडवी झाली की पीएस कोण विचारतो? तिथे वजन बोलतं. एक्सपल्स साधारण १६० किलोची, एकट्याने उचलता येते. हिमालयन १९६ किलोची. निसरड्या चिखलात ती उभी करताना बूटच आधी घसरतात.

सस्पेन्शनमध्येही प्रो सरस. पुढे २५० मिमी आणि मागे २२० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली जायची जागा. शिवाय दोन्हीकडे कॉम्प्रेशन-रिबाउंड, म्हणजे सस्पेन्शन दबण्याचा आणि परत उसळण्याचा वेग, आपल्या वजनाप्रमाणे लावता येतं. हिमालयनचे शोवा कंपनीचे फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दणकट आहेत, ट्रॅव्हल दोन्हीकडे २०० मिमी. मात्र पुढे काहीच ॲडजस्ट होत नाही, मागे फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण. खडकाळ उतारावर उभं राहून चालवताना हा फरक थेट मनगटांना कळतो.

प्रोची सीट मात्र ८९१ मिमी उंच. बुटक्या माणसाने आधी शोरूममध्ये बसून बघावं, कौतुक नंतर.

हायवेवर चित्र पालटतं. शंभरच्या पुढे एक्सपल्सला धाप लागते, हिमालयन सामानासकट आरामात पळते. पुण्याहून स्पितीला जायचं असेल तर हिमालयनच घ्या. रविवारी नुसतं चिखलात लोळायचं असेल, तर माझं मत एक्सपल्सला, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि नी-गार्ड.