अर्धं मिग, अर्धा टेबल फॅन

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, ते टीव्हीवर बघितलं आणि त्याच रात्री भावनेच्या भरात हे विमानाच्या मॉडेलचं किट ऑर्डर केलं, साडेतीन हजार गेले. स्केल 1:72, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं. असं विमान खरं कुठेच नाहीये, पुढून मिग-21 आणि पंखांच्या टोकाला अमेरिकेच्या ऑस्प्रे विमानासारखे वळणारे रोटर (मोठे पंखे), म्हणजे जागेवरून हेलिकॉप्टरसारखं उठायचं आणि मग रोटर पुढे वाकवून सुटायचं. कल्पना भारी आहे, खोटं कशाला बोलू.

मिगचा भाग एक नंबर. पॅनल लाइन, म्हणजे पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा, बारीक, नाकातला कोन (हवा घेणाऱ्या तोंडातला टोकदार भाग) नीट मधोमध बसतो. ओझरच्या मिग बनवणाऱ्या कारखान्यातून रिटायर झालेले ओळखीचे एक काका आहेत, त्यांना फोटो पाठवला तर म्हणे, नाक बरोबर आहे, बाकीचं काय करून ठेवलंय रे हे?

बाकीचं म्हणजे रोटर. आता हिशोब बघा, मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 7.15 मीटर, मॉडेलमध्ये जेमतेम 10 सेंटिमीटर, आणि ऑस्प्रेचा एकेक रोटर साडेअकरा मीटरच्या वर, म्हणजे 16 सेंटिमीटर. दोन्ही लावले तर एकमेकांवर आपटणारच, मग यांनी काय केलं तर रोटरच 6 सेंटिमीटरचे करून टाकले! भाच्याने बघितलं आणि अहिराणीत विचारलं, "मामा, हाई इमान शे का पंखा?" काल्पनिक आहे म्हणून काहीही चालतं का, पंख लांबवले असते तरी भागलं असतं.

त्यात रेझिनची पाती वाकडीच आली, गरम पाण्यात बुडवून सरळ केली, लगेच थंड पाण्यात. शेपटीकडे जड आहे हे माहितीपत्रकात कुठेच नाही, चाकांवर ठेवलं की मागे बसतं, शेवटी नाकातल्या कोनात शिसं भरलं. धुळ्याच्या ऑक्टोबरमध्ये एअरब्रशचा रंग मॉडेलवर पडायच्या आतच वाळतो, तो दोष किटचा नाही, थिनर जास्त टाका. पण डिकलवरच्या (चिकटवायच्या चित्रांवरच्या) वायुसेनेच्या चक्रात हिरवा बाहेर आणि केशरी आत छापलाय, याला काय म्हणावं? जुन्या किटमधले उरलेले लावले.

मिगसाठी घेत असाल तर नुसतं मिगचं किट घ्या, निम्म्या पैशात येतं. मी रोटर काढून टाकले, टोकाची भोकं पुट्टीने बुजवली, अजून घासायची बाकी आहेत.