चित्राविना ऐकलेले ‘काउबॉय बीबॉप’: योको कान्नो यांच्या संगीताचा काही महिन्यांचा अनुभव

पार्श्वसंगीताचा अल्बम विकत घेताना किंवा ऐकायला घेताना एक शंका मनात असतेच: पडद्यावरचे चित्र काढून घेतले, तर हे संगीत स्वतःच्या बळावर किती दिवस टिकेल? गेले अनेक महिने मी जपानी संगीतकार योको कान्नो यांचे ‘काउबॉय बीबॉप’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे अल्बम, मालिका पुन्हा न पाहता, केवळ संगीत म्हणून ऐकत आहे. कधी प्रवासात, कधी रात्री काम करताना आणि बऱ्याचदा दुसरे काहीही न करता. ही मालिका १९९८ सालची आणि २६ भागांची. तिचे संगीत त्या भागांवर अवलंबून नाही, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

याचे एक कारण ते संगीत ज्या पद्धतीने घडले त्यात आहे. सामान्यतः दिग्दर्शक प्रसंग सांगतो आणि संगीतकार त्याला साजेशी रचना करतो. येथे मात्र कान्नो यांनी न मागताच रचून दिलेल्या चिजा ऐकून आपल्याला नवे प्रसंग सुचत गेले, असे दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी सांगितले आहे. त्यामुळे यातील अनेक रचनांना प्रसंगाच्या लांबीचे बंधन नाही. त्या आपल्या गतीने सुरू होतात, मनाजोगत्या फुलतात आणि स्वतःचा शेवट स्वतः गाठतात. त्या वाजवण्यासाठी कान्नो यांनी ‘सीटबेल्ट्स’ हा वाद्यवृंद उभा केला, आणि एकत्र वाजवणाऱ्या माणसांची ऊर्जा ध्वनिमुद्रणात स्पष्ट जाणवते.

बहुतेकांची ओळख ‘टँक!’ या शीर्षकसंगीतापासून होते. बोंगो आणि बास यांच्या ठेक्यावर ब्रास वाद्ये तुटून पडतात, तो आवेश आजही ताजा आहे. मालिकेच्या सुरुवातीला ही रचना साधारण दीड मिनिटांतच आटोपते. अल्बमवर ती पूर्ण ऐकायला मिळते आणि मासातो होंदा यांच्या सॅक्सोफोनला मोकळे रान मिळते. चितळकर रामचंद्र यांच्या १९५०च्या दशकातील गाण्यांत गोव्याच्या वादकांनी वाजवलेली ट्रम्पेट ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ही भाषा परकी वाटणार नाही, असे मला मनापासून वाटते.

तरीही महिने लोटल्यावर माझे ऐकणे ‘टँक!’पाशी थांबले नाही. पहिल्या अल्बममधील जी रचना मी सर्वाधिक वेळा ऐकली, ती ‘स्पेस लायन’. सुमारे सात मिनिटांची ही रचना तेराव्या भागाच्या अखेरीस येते. आरंभी सॅक्सोफोन अतिशय संथपणे, जणू प्रत्येक स्वराची परवानगी घेत पुढे सरकतो. बराच वेळ तालाचा मागमूसही नसतो. मग चर्मवाद्ये आणि समूहस्वर हळूहळू वर येतात आणि आतापर्यंत एकट्याचे असलेले दुःख सामूहिक होऊन जाते. हे स्थित्यंतर नेमके कोणत्या क्षणी घडते, ते अनेकदा लक्ष देऊन ऐकूनही मला बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि संयोजनातील हे कौशल्यच मला कान्नो यांचे सर्वांत मोठे बळ वाटते. त्याच अल्बमवर ‘स्पोकी डोकी’मधील हार्मोनिका आणि ‘वॉल्ट्झ फॉर झिझी’मधील गिटार आहे, त्यांबद्दल फारसे बोलले जात नाही, परंतु दिवसाच्या अखेरीस ऐकण्यासाठी त्याच सर्वाधिक उपयोगी पडल्या.

‘नो डिस्क’ या दुसऱ्या अल्बमबद्दल माझे मत संमिश्र आहे. अल्बम म्हणून तो सलग ऐकणे अवघड जाते. ‘लाइव्ह इन बगदाद’सारखे कर्कश हेवी मेटल, मध्येच काही सेकंदांचे तुकडे आणि त्यानंतर ‘ग्रीन बर्ड’ची निर्मळ शांतता, ही उडी प्रत्येक वेळी सुखावह होत नाही. मात्र पाचव्या भागातील चर्चच्या खिडकीतून कोसळण्याच्या प्रसंगाशी जोडली गेलेली ‘ग्रीन बर्ड’, आणि केवळ गिटार व पुरुषाच्या गुणगुणण्यावर उभी असलेली ‘एल्म’, या दोन रचनांसाठी तरी हा अल्बम संग्रही असावा. ‘ग्रीन बर्ड’मध्ये श्रेयनामावलीत येणारे गॅब्रिएला रॉबिन हे नाव कान्नो यांचेच टोपणनाव आहे. आपली रचना, आपला आवाज आणि तरीही दुसरे नाव, यातील संकोच त्या गायनातही ऐकू येतो, असे मला वाटते.

तुलनेसाठी मी त्यांचे इतर अ‍ॅनिमेशन मालिकांसाठीचे कामही ऐकले. ‘एस्काफ्लोने’साठी (१९९६) त्यांनी अवघ्या सोळा वर्षांच्या माया साकामोतोकडून शीर्षकगीत गाऊन घेतले, आणि त्या आवाजातील कोवळेपणा जपत त्याभोवती वाद्यमेळ रचला. ‘घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’चे (२००२) ‘इनर युनिव्हर्स’ रशियन गायिका ओरिगा यांच्या आवाजामुळे लक्षात राहते, परंतु त्यातील इलेक्ट्रॉनिक थर फोनच्या लहान स्पीकरवर अक्षरशः हरवून जातात, त्यामुळे ते चांगल्या हेडफोनवरच ऐकावे. ‘झांक्यो नो टेरर’चे (२०१४) संगीत थंड, विरळ आणि अंतर राखणारे आहे. या सर्वांत कान्नो यांची एक ठरावीक शैली शोधू पाहणाऱ्याची निराशा होईल. मात्र गाणाऱ्याचा किंवा वाजवणाऱ्याचा स्वभाव ओळखून त्याच्यासाठीच स्वर लिहिण्याची त्यांची सवय सर्वत्र सारखीच आहे. ‘काउबॉय बीबॉप’चे समाप्तिगीत ‘द रिअल फोक ब्लूज’ गायिका माई यामाने यांच्या खरखरीत, भारदस्त आवाजाखेरीज कल्पनेतही ऐकू येत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिला अल्बम घ्यावा आणि तो क्रमाने ऐकावा. ‘नो डिस्क’मधून निवडक रचना वेगळ्या काढून ठेवाव्यात. ‘ब्लू’ हा या मालिकेच्या अल्बमांपैकी सर्वांत सुसंगत अल्बम असून त्यात स्टीव्ह काँटे यांचे ‘कॉल मी, कॉल मी’ आहे. तरीही ज्यांनी मालिका पूर्ण पाहिलेली नाही, त्यांनी तो तूर्त बाजूला ठेवावा, कारण त्यातील शीर्षकगीत अखेरच्या भागाच्या शेवटी येते आणि ते पहिल्यांदा तिथेच ऐकले पाहिजे.