लिंबू-मिरचीपाणी, भाज्यांचे रस की ताक-आंबील?

बेळगावात किल्ला तलावाच्या काठी सकाळी फिरणाऱ्या आम्हा बायकांत सध्या एकच चर्चा आहे. जेवण बंद ठेवून काही दिवस नुसते पातळ पिऊन राहायचे का, आणि राहायचेच तर काय पिऊन? यातले तिन्ही प्रकार मी केले आहेत आणि माझे मत पक्के आहे. जेवण सोडायचेच असेल तर एक दिवस, आणि तोही ताक-आंबिलीवर.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ‘पोटातली घाण निघते’ या आशेने निवड करू नका. शरीरातले नको ते बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडे रोजच राबत असतात, रस प्यायल्याने ती जास्त जोमाने काम करत नाहीत. त्या दिवशी अंगात ताकद राहते का, घरचे-बाहेरचे काम होते का आणि परत जेवायला लागताना त्रास होतो का, एवढे पाहा.

लिंबू-मिरचीपाण्याचे नाव सगळ्यात मोठे. लिंबाचा रस, मेपल सिरप आणि लाल तिखट पाण्यात कालवायचे आणि दहा दिवस तेवढेच प्यायचे, ही स्टॅनली बरोज या अमेरिकन माणसाची 1940 च्या दशकातली कृती. आपल्याकडे सिरपऐवजी काकवी किंवा मध घालतात. मी संकेश्वरकडची काकवी घातली होती. चव चांगली लागते, पहिली सकाळ उत्साहात जाते. दुपारी डोके ठणकायला लागले, कारण चहाही बंद होता. दुसऱ्या दिवशी दात असे आंबले की गार पाणी लावता येईना, आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एका पेल्यात साधारण शंभर कॅलरी असतात, पण त्या जवळजवळ सगळ्या साखरेच्या. प्रथिने नाहीतच म्हणा ना.

वजनकाटा मात्र खूश करतो. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. हा साठा साधारण अर्धा किलो, म्हणजे तो संपला की दोनेक किलो सहज उतरतात. भात-भाकरी सुरू झाली की तेच पाणी परत येते. माझे वजन तसेच परत आले. याच कृतीत सकाळी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून प्यायला आणि रात्री सोनामुखीचा काढा घ्यायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, इथे त्याच्या दुप्पट एका दमात पोटात जाते. रक्तदाब असलेल्या कुणी हे करू नये, आणि नसलेल्यांनीही का करावे हे मला कळत नाही.

भाज्यांचे रस त्यापेक्षा बरे, पण महाग. शिवाय चोथा गाळून टाकला की तंतूही गेले. गाजर-बीटचा रस एखाद्या वेळी ठीक आहे. पालकाचा रस रोज पेलाभर पिऊ नका, त्यात ऑक्सलेट भरपूर असते आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांना ते भोवते. दुधीचा रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर एक घोटही पिऊ नका, कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत.

आता आंबील. “आंबील पी की गं, ते मिरचीपाणी कशाला?” असे सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या. नाचणीचे पीठ रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचे आणि हात न थांबवता ढवळायचे, नाहीतर गुठळ्या होतात. रंग गडद होऊन चकाकी आली की उतरवायचे. निवल्यावर ताक, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर. पाव किलो दह्याच्या ताकातून आठेक ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दर दोन-तीन तासांनी पेलाभर घेतली की डोके दुखत नाही. चहा मी सकाळी एक कप ठेवते, त्यावर वाद घालू नये. वडगावात दिवसभर मागावर उभे राहणाऱ्या माझ्या भावजयीलाही हा दिवस जमला. मिरचीपाण्यावर तिने ते काम करावे असे मी कधीच सांगणार नाही.

एकादशी धरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, नाचणी उपासाला चालत नाही. तेव्हा ताक, शहाळे आणि दोन केळी. शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल किंवा नुकतेच आजारातून उठला असाल, तर यातला कुठलाच प्रकार मनाने करू नका. गोळी घेऊन जेवण टाळले तर साखर एकदम खाली येते. आमच्या गल्लीतल्या एका काकांना त्यासाठी रात्री दवाखान्यात न्यावे लागले होते.

ताक-आंबिलीच्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाची पेज, चवीपुरते मीठ आणि चमचाभर तूप. दुपारी मऊ भात आणि मुगाचे वरण. भाकरी-झुणका रात्री, आणि मटणाचा रस्सा त्याच्याही पुढच्या दिवशी.