आधी वजनकाटा, मग लिफ्ट: जुन्या एसयूव्हीसाठी घेतलेल्या फेरबदल-आराखड्याचे परीक्षण

वापरलेली एसयूव्ही दारात उभी राहिली की आठवड्याभरात मालकाच्या खिशात एक यादी तयार होते. माझ्याही खिशात होती: लोखंडी बंपर, त्यात विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर), छतावर कॅरिअर आणि तंबू, डिकीत खणांची पेटी, दुसरी बॅटरी, तीन इंचांची लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंचावणे, आणि अर्थातच मोठे टायर. ही यादी घेऊन मी ज्या वर्कशॉपमध्ये गेलो, तेथे सुटे भाग बसवण्याच्या कामापासून वेगळी अशी एक सेवा मिळते. गाडी दिवसभर तपासतात, मालकाला ती कशासाठी हवी आहे हे विचारतात आणि कोणते बदल कोणत्या क्रमाने करावेत याचा लेखी आराखडा देतात. हे परीक्षण त्या सेवेपुरतेच आहे.

गाडीची ओळख आधी करून देतो. ती नऊ वर्षे जुनी, लॅडर चासीवरची (शिडीसारख्या स्वतंत्र सांगाड्यावरची), डिझेल इंजिनाची आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे कॉइल स्प्रिंगांवरचा सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड कणा), कायमस्वरूपी फोर-व्हील-ड्राइव्ह, मधला डिफरन्शिअल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) लॉक करण्याची सोय, लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) आणि २६५/६५ आर १७ मापाचे टायर. माझा वापर म्हणजे महिन्यातून एकदा कच्चे रस्ते, ओढे, क्वचित वाळू. बाकीचे दिवस डांबरी रस्ता आणि घरची माणसे.

या सेवेचे शुल्क साधारण एका चांगल्या टायरच्या किमतीइतके आहे आणि पुढचे काम त्यांच्याकडूनच करून घेतले तरी ते बिलातून वजा होत नाही. ही अट मला सुरुवातीला खटकली. आराखडा हातात पडल्यावर तिचे कारण समजले: सल्ल्याचे पैसे वेगळे मिळालेले असल्यामुळे ‘हे घेऊ नका’ असे म्हणायला त्या माणसाला काही अडत नाही, आणि माझ्या यादीतल्या चार गोष्टींबाबत त्यांनी नेमके तेच लिहिले होते.

तपासणीची सुरुवात सस्पेन्शनपासून होईल असे मला वाटले होते. तंत्रज्ञाने मात्र गाडी रॅम्पवर चढवल्याबरोबर मागच्या डिफरन्शिअलचा फिलर बोल्ट आधी सैल केला (ड्रेन बोल्ट आधी काढला आणि वरचा गंजून अडकला, तर रिकाम्या हाउसिंगची गाडी तिथेच उभी राहते, हे त्याने कामाच्या ओघात सांगितले) आणि मग खालचा काढला. तेल बाहेर आले ते राखाडी, दुधाळ रंगाचे होते. आधीच्या मालकाने गाडी पाण्यातून नेली होती आणि त्यानंतर तेल बदलले नव्हते. पाणी आत शिरते त्याचे कारण साधे आहे. तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, ब्रीदरचे (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्राचे) झडपेचे टोपण चिखलाने बुजलेले असेल किंवा स्वतःच पाण्याखाली गेले असेल तर ती ओढ ऑइल सीलवर येते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. त्यावरचा उपाय म्हणजे ब्रीदरला लांब नळी जोडून तिचे तोंड इंजिनाच्या कप्प्यात किंवा टेललॅम्पच्या मागे उंचावर नेणे. सगळ्या फेरबदलांत हा सर्वांत स्वस्त, आणि माझ्या यादीत तो नव्हताच. स्नॉर्केल (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी) घ्यावा का, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले की स्नॉर्केलचा रोजचा उपयोग धुळीच्या रस्त्यावर वरची स्वच्छ हवा घेण्याचा आहे. त्याने फक्त इंजिनाच्या श्वासाची वाट उंचावते. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि दाराची रबरे होती तिथेच राहतात.

त्याच दिवशी आणखी तीन दोष निघाले. पुढच्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरे) चिरले होते, मागच्या एका शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओलावा होता, आणि लो रेंजचा लिव्हर कित्येक वर्षांत हलवलेला नसल्यामुळे इतका जड झाला होता की तो पडायला दोन माणसांचा जोर लागला. आराखड्याचे पहिले पान या दुरुस्त्यांचे आहे आणि त्याच्या तळाशी लिहिले आहे की हे होईपर्यंत पुढची पाने उघडण्याचे कारण नाही. वाक्य थोडे मास्तरी थाटाचे आहे, पण मी ते पाळले.

खरे मोल दुसऱ्या पानाला आहे. त्यांनी गाडी वजनकाट्यावर नेऊन आधी पुढचा अ‍ॅक्सल, मग मागचा, असे दोनदा वजन केले: एकदा टाकी भरून पण रिकामी, आणि एकदा मी प्रवासाला निघतो तशी, पाच माणसे आणि सामानासह. रिकामी गाडी १,८९० किलो भरली, त्यात पुढे १,०१० आणि मागे ८८०. भरलेली २,३८० किलो. दारावरच्या पट्टीवर उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा २,५१० किलो आहे, म्हणजे माझ्याकडे शिल्लक उरले १३० किलो. त्याच्या खाली माझी यादी वजनासह मांडली होती: बंपर ५५, विंच ३५, कॅरिअर ३०, तंबू ६०, खणांची पेटी ५०, दुसरी बॅटरी पेटीसह २५, आणि जाड बांध्याच्या पाच टायरांचे मिळून जादा ३०. बेरीज २८५. मूळचा प्लास्टिकचा बंपर काढल्यावर जे थोडे वजन वाचेल ते वजा केले तरी मी मर्यादेच्या दीडशे किलोंच्या आसपास पुढे जात होतो. ही बेरीज मी स्वतः घरी बसून करू शकलो असतो. केली नव्हती, हे मान्य करतो.

बेरजेपेक्षाही मला उपयोगी वाटला तो त्याखालचा हिशेब. बंपर आणि विंचचे ९० किलो पुढच्या अ‍ॅक्सलच्या सुमारे ९० सेंटिमीटर पुढे लटकतात आणि माझ्या गाडीचा व्हीलबेस २.७५ मीटर आहे. तराजूच्या न्यायाने पुढच्या अ‍ॅक्सलवर ९० नव्हे तर सुमारे १२० किलो येतात आणि मागचा अ‍ॅक्सल ३० किलोंनी हलका होतो. मागच्या चाकांचा जमिनीवरचा भार घटला की निसरड्या चढावर त्यांची पकडही तितकीच घटते. विंचच्या बाबतीत आणखी एक टीप आहे: विंचची ताकद गाडीच्या कमाल वजनाच्या निदान दीडपट असावी असा संकेत आहे, आणि डब्यावर छापलेला आकडा ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराचा असतो, दोराचे थर वाढत जातात तशी ओढ कमी होत जाते. महिन्यातून एकदा आणि तेही दुसऱ्या गाडीच्या सोबतीने बाहेर पडणाऱ्या माणसाला विंच लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बंपर, विंच, तंबू आणि खणांची पेटी या चार गोष्टींवर तिथेच काट पडली.

टायरांचे पान मी दोनदा वाचले. माझ्या मनात २८५/७० आर १७ होते. त्यांनी तिन्ही मापांचा व्यास मांडला: २६५/६५ चा ७७६ मिलिमीटर, २६५/७० चा ८०३ आणि २८५/७० चा ८३१. मधले माप घेतले तर गाडी १३ मिलिमीटर उंचावते आणि स्पीडोमीटरच्या तुलनेत चाक साडेतीन टक्क्यांच्या आत जास्त अंतर कापते. मोठे माप घेतले तर उंची २७ मिलिमीटर वाढते, पण फरक सात टक्क्यांवर जातो, चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या अस्तराला घासते, आणि ब्रेक व गिअर ज्या चाकासाठी जुळवले होते ते चाकच बदलते. मागचा अ‍ॅक्सल सॉलिड असल्यामुळे डिफरन्शिअलचा खालचा गोळा जमिनीपासून वर उचलण्याचा मार्ग फक्त टायर हाच आहे. स्प्रिंग कितीही उंच लावल्या तरी बॉडी वर जाते, गोळा जागेवरच राहतो. इतकी उघड गोष्ट मला आतापर्यंत कोणत्याही विक्रेत्याने सांगितली नव्हती.

एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जाड बांध्याच्या) प्रकारचे टायर घ्यावेत की साध्या बांध्याचे ऑल-टेरेन, यावर त्यांनी साध्या बांध्याकडे कौल दिला. एलटीमध्ये १२१ हा भारांक सर्रास दिसतो, म्हणजे एका टायरवर १,४५० किलो. मला निवडून दिलेल्या २६५/७० आर १७ चा भारांक ११५, म्हणजे १,२१५ किलो. माझ्या गाडीच्या कोणत्याही चाकावर याच्या जवळपासही वजन येत नाही. मग एलटीचे जास्तीचे वजन, कडक चाल आणि तितक्याच भाराला लागणारी जादा हवा कशाला सोसायची? तीक्ष्ण दगडांच्या प्रदेशात वारंवार फिरणाऱ्याचे उत्तर वेगळे असेल, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. टायर पाच घ्यायचे, चार नव्हे, कारण कायमस्वरूपी फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये एका चाकाचा घेर वेगळा असला की मधला डिफरन्शिअल अखंड फिरत राहतो. माझी स्टेपनी एकदाही जमिनीला लागलेली नव्हती, खाचा कोऱ्या होत्या. पण तिच्या भिंतीवरचा चार अंकी शिक्का १४१७ होता, म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा, आणि खाचांच्या तळाशी नखाने उघडतील अशा बारीक भेगा दिसत होत्या.

तीन इंचांच्या लिफ्टची जागा आराखड्यात ४० मिलिमीटरने घेतली आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी यापेक्षा फार उंचावली की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तीव्र कोनात फिरू लागतात, बूट लवकर फाटतात, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे कललेला कोन) घटल्यामुळे स्टिअरिंग सरळ रेषेत स्वतःहून परतत नाही आणि अलाइनमेंट जमवायला वरचे आर्म बदलावे लागतात. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे लागते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब अ‍ॅक्सल आणि बॉडी यांतल्या अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. लिफ्ट केल्यावर त्याला गाडी कायम रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक सौम्य करतो. त्याची दांडी नव्याने जुळवावी लागते. माझ्या गाडीत तो व्हॉल्व्ह आहे. स्प्रिंगची निवड मी नेहमी बाळगत असलेल्या वजनावरून केली आहे, वर्षातून एकदा लादल्या जाणाऱ्या वजनावरून नव्हे, आणि म्हणूनच वजनकाट्याचे पान आधी येते.

लॉकरवर (अ‍ॅक्सलची दोन्ही चाके एकत्रच फिरवणाऱ्या यंत्रणेवर) त्यांनी दोनच परिच्छेद खर्च केले आहेत: एआरबीचा हवेच्या दाबावर चालणारा किंवा ईटनचा विद्युतचुंबकावर चालणारा, कोणताही चालेल, पण आधी वर्षभर आहे ती गाडी चालवून पाहा. हे मला पटले. सुटकेच्या साधनांचे पान मात्र अधिक नेटके हवे होते. टो-बॉलला पट्टा कधीही अडकवू नये, कारण तो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो. चासीखालचे बारीक कडे जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी बांधण्यासाठी असते, ओढण्यासाठी नव्हे. हे दोन्ही इशारे तिथे आहेत. कायनेटिक (लवचिक) दोर ताणला की त्यात साठलेली ऊर्जा गाडीला सोडवते आणि साधा ओढण्याचा पट्टा झटका सहन करत नाही, हा फरक मात्र एका ओळीत उरकला आहे. हवेचे आकडे दिले आहेत ते उपयोगी आहेत: रस्त्यावर ३३ पीएसआय, खडकाळ वाटेवर २५, मऊ वाळूत १७, आणि कमी हवेवर वेग कमी ठेवून रस्त्यावर येताच पुन्हा भरणे. त्यासाठीचा कॉम्प्रेसर मी टायरांसोबतच घेतला.

आता तक्रारी. आराखडा एका आठवड्यात देण्याचे कबूल केले होते. तीन आठवडे लागले आणि दोनदा फोन करावा लागला. मागच्या स्प्रिंग १८ मिलिमीटर बसल्या आहेत अशी नोंद होती, पण माप घेताना माझी हत्यारांची पेटी डिकीतच होती. ती काढून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मी पुन्हा मोजले तेव्हा फरक ११ भरला. त्यांनी चूक मान्य करून सुधारित पान पाठवले, पण ही चूक ग्राहकाने शोधायची नव्हती. जादा दिव्यांच्या वायरिंगला, रिले आणि फ्यूज कुठे बसवायचा याला, अर्धे पानही दिलेले नाही. विम्याचा तर उल्लेखच नाही; लिफ्ट आणि टायरचे माप बदलल्यावर विमा कंपनीला कळवावे लागते आणि आपल्याकडील वाहन-नियमांत काय बसते ते पाहावे लागते, ही माहिती अशा दस्तऐवजात पहिल्या पानावर हवी.

इतके असूनही मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो. ज्याची गाडी नवीन आहे आणि ज्याला फक्त टायर बदलायचे आहेत, त्याने हे शुल्क भरू नये. जुनी गाडी घेऊन लांबलचक यादी बाळगणाऱ्याने मात्र यादीतली पहिली वस्तू विकत घेण्याच्या आधी तिथे जावे.

दुरुस्त्या, टायर आणि ब्रीदरच्या नळ्या झाल्या आहेत. स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेल्या महिन्यात बसले. आर्मचे बोल्ट गाडी रॅम्पवर लोंबकळत असताना नुसते अडकवले होते आणि चाके जमिनीवर टेकून गाडी आपल्या उंचीवर बसल्यानंतरच पक्के आवळले, कारण लोंबकळत्या स्थितीत आवळलेला रबरी बुश खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हजार किलोमीटरनंतर ते सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे आहेत. ७४० झाले आहेत.