हिरोमी की ॲरिस्टोक्रॅट्स: बास वाजवणाऱ्याने आधी कुणाला ऐकावं?

जपानी पियानोवादक हिरोमीचा ट्रायो प्रोजेक्ट आणि ॲरिस्टोक्रॅट्स, दोन्ही तिघा-तिघांचे फ्युजन (जॅझ आणि रॉकचं मिश्रण) बँड, म्हणजे ट्रायो. दोघांचाही पहिला अल्बम २०११चा. ठेका असा की मात्रा मोजता मोजता सम कधी येऊन गेली ते कळत नाही. म्हणूनच फ्युजनकडे वळणारे बासवाले या दोघांपाशी अडतात. मीही अडलो होतो. सहा महिने एकाच ट्रायोचा बास (बास गिटारची साथ) कानाने उतरवायचा, असं ठरवून बसलो होतो.

पहिला कौल मी हिरोमी उएहाराला दिला. ती हामामात्सूची, म्हणजे यामाहा आणि कावाई या पियानो कंपन्यांच्या गावची. सतराव्या वर्षी टोकियोत जॅझ पियानोवादक चिक कोरियाशी गाठ पडली आणि त्याने तिला थेट आपल्या मंचावर बोलावलं. पुढे बॉस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय, आणि जॅझ पियानोवादक अहमद जमाल यांचं मार्गदर्शन. तिच्या ट्रायो प्रोजेक्टमधले साथीदार मात्र एक पिढी आधीचे. ड्रमर सायमन फिलिप्स बाराव्या वर्षापासून वडिलांच्या डिक्सीलँड (जुन्या धाटणीच्या जॅझ) बँडमध्ये वाजवत होते, नंतर गिटारवादक जेफ बेक आणि टोटो हा रॉक बँड. आणि बासवर अँथनी जॅक्सन! सहा तारांची कॉन्ट्राबास गिटार ही कल्पनाच मुळात त्यांची. ओ'जेज या अमेरिकन सोल गटाच्या १९७३च्या गाण्यातली त्यांची बासची ओळ जगाच्या कानांत बसली, तेव्हा हिरोमी जन्मलीही नव्हती. त्यांच्यासाठीच तर मी तिकडे गेलो होतो.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. हिरोमीचा डावा हात खाली उतरला की बास त्यात विरघळतो. यात कुणाची चूक नाही. जॅक्सन यांची सर्वांत खालची तार खर्जात खोल जाते, पण पियानोचा तळ तिच्याहूनही खाली आहे. एकाच सप्तकात दोघं तेच वळण घेऊन धावले की वेगळं काढणार कसं? एक आठ मात्रांचा तुकडा मी चार रात्री हेडफोन लावून उतरवला. पाचव्या दिवशी त्याच रचनेचं मैफिलीचं चित्रण पाहिलं. मी लिहिलेले निम्मे स्वर पियानोचे होते. जॅक्सन खुर्चीत बसून तिथे एकच स्वर धरून होते. त्या एका स्वराने सगळं तोललं होतं हे आज कळतं, तेव्हा मात्र वही मिटली.

ॲरिस्टोक्रॅट्समध्ये ही अडचण मला तरी आली नाही. गिटारने एकल धरलं की खाली कॉर्ड द्यायला दुसरं कुणी नसतं, सगळी हार्मनी ब्रायन बेलरच्या बासवर येते. तो उघडा ऐकू येतो, चुकला असता तर चूकही ऐकू आली असती. बेलरही बर्कलीचाच, पण घडला माइक केनेली आणि ड्वीझिल झॅपा या गिटारवादकांच्या सहवासात. सूर जरा खरखरीत, रॉकचा. गिटारवर गथ्री गोवन, इंग्लंडमधल्या चेम्सफर्डचा. ऑक्सफर्डमधलं इंग्रजीचं शिक्षण त्याने वर्षभरात सोडलं, नंतर एका गिटार मासिकासाठी इतरांचे सोलो स्वरलिपीत उतरवत राहिला. कानाने उतरवण्याच्या रियाजातून माणूस कुठवर जातो, हे बघायचं तर त्याला बघा. ड्रम्सवर जर्मनीचा मार्को मिनेमान. ट्रायो जमला तोही योगायोगाने: अमेरिकेतल्या अ‍ॅनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनातल्या एका कार्यक्रमासाठी ठरलेला गिटारवादक येऊ शकला नाही, म्हणून गोवन आला.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ॲरिस्टोक्रॅट्सच्या पहिल्या अल्बममध्ये नऊ रचना आहेत, तिघांच्या प्रत्येकी तीन. म्हणजे बासवाल्याच्या डोक्यातून निघालेली रचना कशी चालते, तेही शिकायला मिळतं. हिरोमीकडे जवळपास सगळं तिचंच असतं.

अर्थात, तुम्ही पियानो वाजवत असाल तर माझं बोलणं उलटं करून घ्या. नुसतं ऐकायचं असेल तरी हिरोमीचा 'मूव्ह' हा अल्बम आधी लावा. एका दिवसाची चाल त्यात अशी गुंफली आहे की मध्येच उठवत नाही. ॲरिस्टोक्रॅट्सची रचना कधीकधी शैली इतक्या पटापट बदलते की भाव रुजायला वेळ मिळत नाही, हेही मान्य. पण हातात बास असेल, तर मी त्यांच्या 'कल्चर क्लॅश' या अल्बमपासून सुरुवात करा म्हणेन. त्यातल्या बेलरच्या एका ओळीवर माझा हा तिसरा आठवडा आहे, आणि प्रत्येक स्वर त्याचाच आहे याची खात्री आहे.