खान्देशच्या उन्हाळ्यात बेडकांच्या टाकीतला धबधबा : वापरानंतरचा अनुभव

तीन फुटी टाकी, खाली चार-पाच इंच पाणी, एका बाजूला उतरती जमीन. राहणारे फायर बेलीड टोड या जातीचे बेडूक. मूळचा कोरिया आणि ईशान्य चीनकडचा हा जीव, आणि आमचं गाव जळगाव, जिथे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. म्हणून धबधबा किती देखणा दिसतो यापेक्षा पाणी किती गार ठेवतो, हेच मला बघायचं होतं. हिवाळ्यात बसवला, उन्हाळा-पावसाळा दोन्ही निघाले, आता बोलायला हरकत नाही.

उन्हाळ्यात तो चक्क कूलरचं काम करतो. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे दगडावरून पातळ पसरलेलं पाणी उडतं आणि उरलेलं गार होतं. वर काचेचं झाकण ठेवलंत तर मात्र फायदा शून्य. मी बारीक जाळी लावली (हे टोड काचेवर चढतात, उघडं ठेवता येत नाही) आणि वर कॉम्प्युटरचा छोटा पंखा. खोलीत 37 अंश असताना पाणी 28 च्या आसपास राहायचं. लाइट गेली की चढायला लागायचं. मग गोठवलेली पाण्याची बाटली सोडायची. ऑगस्टात हवा दमट झाली तेव्हा खोलीचं आणि पाण्याचं तापमान जवळपास एकच. तेव्हा उकाडाही कमी असतो म्हणून निभावतं.

पण जे पाणी उडतं ते क्षार मागे ठेवून जातं. आमचं बोअरचं पाणी जड. तेच भरत राहिलो असतो तर टाकी महिनोन्‌महिने खारवत गेली असती. उडालेल्याची भर आरओच्या पाण्याने करायची आणि पाणी बदलताना क्लोरीन काढलेलं नळाचं वापरायचं. बेडकाची कातडी पाणी शोषते, तिथे क्लोरीनला माफी नाही. एवढं करूनही दगडाच्या कडेला पांढरा थर धरतोच, आणि पाणी वर चढवणाऱ्या पंपाच्या रोटरवरही (आतला फिरणारा भाग). पंप गुरगुरतो पण पाणी चढवत नाही, असं झालं की रोटर काढून व्हिनेगरमध्ये भिजवायचा, ब्रशने घासायचा, खळखळून धुवायचा. म्हणून पंप फोममध्ये चिणू नका. माझा कोपऱ्यातल्या कप्प्यात आहे, वरचा दगड उचलला की हात जातो. पंपाच्या तोंडाशी स्पंज हवाच, नाहीतर टोडचा पाय अडकतो.

पंप 5 वॅटचा. डब्यावर लिहिलेले ताशी लिटर शून्य उंचीचे असतात. फूटभर चढवलं की धार बरीच कमी होते. इथे ते बरंच आहे. पाटणादेवीचा केदारकुंड धबधबा घरात उतरवायला जाऊ नका, या टोडला संथ पाणी लागतं. ‘कूलरचा पंप लाव, स्वस्त पडेल,’ असं चार जणांनी सुचवलं. त्याची धार जमीन धुऊन नेईल, आणि जास्त वॅटची उष्णता शेवटी पाण्यातच जाते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दगडाच्या ओठाने, म्हणजे पाणी जिथून खाली पडतं त्या काठाने. धार हळू असली की पाणी खाली न पडता ओठाच्या पोटाला चिकटून मागे ओघळतं, आणि मागची माती चिखल होते. ॲक्रिलिकची पातळ पट्टी काठावर पुढे काढून सिलिकॉनने चिकटवली, ओघळ थांबला. सिलिकॉन ॲक्वेरियमचंच घ्या, बुरशीनाशक घातलेलं नको. मॉससुद्धा काठावरून पाणी ओढून जमिनीत सोडतं, तिथलं कापत राहावं लागतं.

दगड आपला काळा पाषाणच. फक्त आपल्या भागातल्या दगडात पांढऱ्या शिरा असतात. व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसलं तर तो बाजूला ठेवा, तो पाणी आणखी जड करतो.

भर दुपारी एक टोड ओल्या दगडाला पोट चिकटवून धारेच्या कडेला बसलेला असतो. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यापाशी थांबतो, ‘हाई काय शे रे भो?’ (हे काय आहे रे भाऊ?) म्हणतो आणि बोट पुढे करतो. हात लावू देऊ नका, याच्या कातडीतून विषारी स्राव येतो. मी स्वतःही टाकीत काम केलं की साबणाने हात धुतो. हौस म्हणून पावसाळ्यातले आपले बेडूक पकडून यात टाकू नका, आणि कंटाळा आला म्हणून हे टोड वाघूर नदीच्या काठी सोडूही नका. रोग इकडचे तिकडे होतात.

पंप घेताना त्याच दुकानात सुटा रोटर मिळतो का ते विचारा. मी आता एक जादाचा घरात ठेवतो, मे महिन्यात दुपारी बंद पडला तर बाजारात जाईपर्यंत वेळ नसतो.